चित्रकार दाखवा, पण चित्र मुलांचं असू द्या : मुंबईतल्या प्राथमिक शाळांना खुलं पत्र

प्रति,
मुंबईतल्या सर्व माध्यमांच्या प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि कलाशिक्षक यांस

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते आणि तिच्या जोडीने चित्रप्रदर्शनाची. गेल्या काही वर्षांत या प्रदर्शनांमध्ये एक विषय फार लोकप्रिय झाला आहे : नामवंत चित्रकारांच्या प्रेरणेने मुलांनी केलेली चित्रं. कल्पना उत्तम आहे. पहिली-दुसरीतल्या मुलांच्या कानांवर व्हॅन गॉग, मातिस, रझा, गायतोंडे ही नावं पडावीत, त्यांची चित्रं नजरेखालून जावीत, याचा मला फार आनंद वाटतो. मी कलाशिक्षिका आहे. ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) करून माध्यमिक शाळेत लागले आणि पुढे प्राथमिक विभागाचे तासही घेत आले. लहान मुलांसोबतचे हे तास मला सगळ्यांत जवळचे वाटतात, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

इतर शाळांची प्रदर्शनं मी आवर्जून पाहते. बऱ्याच ठिकाणी जिन्याजवळच्या सॉफ्टबोर्डवर एखाद्या तुकडीची चित्रं ओळीने लावलेली असतात आणि सगळ्या कागदांवर व्हॅन गॉगचं ‘स्टारी नाइट’ असतं. डावीकडे तेच काळपट सुरूचं झाड, उजव्या कोपऱ्यात तीच पिवळी चंद्रकोर, मधोमध तेच भोवरे. बाह्यरेषा इंटरनेटवरून घेऊन झेरॉक्स काढलेली, मुलांनी फक्त रंग भरलेला. रंग जिथे रेषेबाहेर गेला तिथे मोठ्या माणसाच्या हाताने काळ्या स्केचपेनची कड फिरवलेली. काही कागदांवर तर सरळ कळतं की रात्री जागून आईने चित्र पुरं केलंय. खाली मुलाचं नाव, इयत्ता, हजेरी क्रमांक. पाहुणे येतात, ‘अगदी हुबेहूब!’ म्हणतात, फोटो काढतात आणि पुढे जातात.

हुबेहूब या शब्दाचं कौतुक सात-आठ वर्षांच्या मुलाच्या वाट्याला येऊ नये असं मला कळकळीने वाटतं. चित्रकार मुलांना दाखवा, भरपूर दाखवा. पण त्याचं चित्र मुलांकडून उतरवून घेऊ नका. त्याने काय पाहिलं, हाताने काय केलं, कुठलं साहित्य कसं वापरलं, ते मुलांना करून बघू द्या आणि विषय मात्र मुलांचा राहू द्या.

‘स्टारी नाइट’चंच घ्या. व्हॅन गॉगने हे चित्र जून १८८९ मध्ये केलं. तेव्हा तो दक्षिण फ्रान्समधल्या सेंट-रेमी इथे मनोरुग्णालयात राहत होता. त्याच्या खोलीची खिडकी पूर्वेला होती आणि तिथून तो पहाटेपूर्वीचं आकाश बघायचा. पण त्या खोलीत त्याला रंगकाम करायची मुभा नव्हती. चित्र झालं तळमजल्यावरच्या खोलीत, दिवसाउजेडी, आठवणीतून. त्यात दिसणारं गाव त्या खिडकीतून दिसतही नव्हतं. ते त्याने मनाने घातलं. एवढी गोष्ट तिसरीच्या वर्गाला पाच मिनिटांत सांगता येते, आणि सांगितली की पुढचा प्रश्न आपोआप येतो : रात्री तुमच्या खिडकीतून काय दिसतं? घरी जाऊन बघून या. बघताना काढायचं नाही, नुसतं बघायचं. चित्र उद्या वर्गात, आठवून.

दुसऱ्या दिवशी वर्गात जे येतं ते बघण्यासारखं असतं. माझ्या शाळेच्या आसपास परळ-लालबागचे टॉवर उभे राहताहेत, त्यामुळे क्रेनच्या टोकाचा लाल दिवा बऱ्याच चित्रांत असतो. कबुतरांसाठी लावलेली जाळी असते. एसीचे डबे असतात. एका मुलीने समोरच्या चाळीच्या प्रत्येक खोलीतला उजेड वेगळा काढला होता : कुठे ट्यूबलाइटचा पांढरा, कुठे टीव्हीचा निळसर, कुठे देव्हाऱ्यातल्या बल्बचा लाल. एक मुलगा म्हणाला, “बाई, माझ्या खिडकीतून आकाश दिसतच नाही, समोर भिंत आहे.” मी म्हटलं, मग भिंत काढ. त्याने भिंतीवरून खाली येणारा सांडपाण्याचा पाइप काढला आणि वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातला पिवळा प्रकाश भिंतीवर गोल गोल पसरवला, व्हॅन गॉगच्या ताऱ्यांसारखा. आणखी एकाने गडद निळा खडू घ्यायला साफ नकार दिला. रात्री आकाश निळं नसतंच, मातकट नारिंगी असतं, असं त्याचं म्हणणं. मुंबईत राहणाऱ्या कुणीही वर मान करून पाहावं, पोराचं म्हणणं खरं आहे.

या तासात तंत्र शिकवायचं नाही असं मुळीच नाही. उलट झेरॉक्सवर रंग भरताना तंत्र शिकायला मिळतच नाही. व्हॅन गॉगच्या चित्राची मोठी प्रत फळ्यावर लावा आणि मुलांना जवळ बोलावून फटकारे बघायला सांगा. आकाशात ते कुठल्या दिशेने जातात? झाडात कसे वर चढतात? घरांवर आखूड का झालेत? मग तेलखडू हातात द्या. खडूवरचा कागद सोलायचा, आखूड रेघ मारायची, तिच्या शेजारी दुसऱ्या रंगाची दुसरी रेघ, आणि बोटाने घासायचं नाही. बोटाने घासून रंग गुळगुळीत करायची सवय मुलांना फार लवकर लागते, कारण रंगवलेलं गुळगुळीत दिसलं की मोठी माणसं शाबासकी देतात. पिवळ्याशेजारी निळा घासल्याशिवाय ठेवला तर लांबून तो कसा हलल्यासारखा दिसतो, हे मुलांनी वर्गाच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन स्वतः पाहावं. माझ्या वर्गात ते बघून ओरडाआरडा झाला होता.

काही सहकारी मला म्हणतात, नक्कल करूनच तर हात तयार होतो. मान्य आहे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पिढ्यानपिढ्या विद्यार्थी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटनं करत आले. व्हॅन गॉगने स्वतः १८८७ मध्ये हिरोशिगेच्या जपानी छापचित्रांवरून चित्रं केली. सेंट-रेमीत त्याच्याजवळ मिले या फ्रेंच चित्रकाराच्या शेतकऱ्यांच्या चित्रांचे काळेपांढरे छापील नमुने होते, त्यांवरून त्याने रंगीत चित्रं केली. रंग अर्थातच त्याचे. पिकासोने १९५७ मध्ये व्हेलास्केझच्या ‘लास मेनिनास’ या १६५६ च्या चित्रावर आधारित चाळीसहून जास्त चित्रं केली आणि त्यातलं एकही मूळ चित्रासारखं दिसत नाही. म्हणजे मोठे चित्रकार दुसऱ्याच्या चित्रात घुसले, ते आपल्या मर्जीने आणि आपल्याला तिथे काय सापडतं ते शोधायला. एखादं मूल आपणहून म्हणालं की मला हेच चित्र असंच्या असं काढायचंय, तर त्याला बसू द्यावं, अडवू नये. माझी तक्रार सक्तीने एकाच साच्यातून काढलेल्या तीस कागदांबद्दल आहे.

दुसरी गोष्ट या प्रदर्शनांमधल्या चित्रकारांच्या यादीची. व्हॅन गॉग, पिकासो, माँड्रियान, कँडिन्स्की. सगळे हवेत. पण ही मुलं मुंबईत राहतात. या शहरात १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी एकत्र येऊन प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला आणि भारतीय चित्रकलेचं वळण बदललं. हुसेन याच शहरात सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरत होते. आरांनी मोटारी धुण्याची कामं केली होती. चौथीच्या मुलाला ही गोष्ट सांगा आणि मग जमिनीवर पॅकिंगचा खाकी कागद लांबलचक अंथरून त्यावर चार-पाच मुलांना उभ्याने, मोठ्या ब्रशने, अख्खा हात फिरवत एकच मोठी आकृती काढायला लावा. वहीच्या पानावर आकसून बसलेला हात मोकळा होतो. हुसेनचे घोडे उतरवून घेण्यापेक्षा त्यातून मुलांना हुसेन जास्त कळतील.

गायतोंडे यांच्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण ‘लहान मुलांना अमूर्त चित्र काय कळणार’ हे मी शिक्षकांच्या खोलीत फार ऐकलंय. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ चा, नागपूरचा. ते गिरगावातल्या चाळीत वाढले, जे. जे. मधून १९४८ साली पदविका घेतली. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं. गिरगावातल्या, ठाकुरद्वारातल्या, खेतवाडीतल्या किती शाळांमध्ये त्यांचं एखादं तरी चित्र लावलेलं आहे? त्यांच्या चित्रात माणूस नाही, झाड नाही, घर नाही. रोलरने रंग लावायचा, पॅलेट नाइफने (रंगकामाच्या बोथट सुरीने) खरवडायचा, कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलायचे, पुन्हा रंग चढवायचा, आणि या सगळ्यात वाट बघायची. वर्षाला त्यांची मोजकीच चित्रं व्हायची.

हे काम लहान मुलांच्या हाताला अगदी सहज जमतं. जाड ड्रॉइंग शीटवर भिजलेल्या स्पंजने पोस्टर कलर पसरायचा. रद्दीतला वर्तमानपत्राचा कागद वेडावाकडा फाडून ओल्या रंगावर ठेवायचा, तळहाताने दाबायचा, हलकेच सोलून काढायचा. खाली काय राहिलं ते बघायचं. वाळू द्यायचं. दुसऱ्या तासाला त्यावर दुसरा थर आणि जुन्या कंगव्याने किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्याने एखादी ओरखड्याची रेघ. खर्च जवळजवळ काहीच नाही. दुसरीतल्या मुलांना मी ‘हे कशाचं चित्र आहे’ असं विचारतच नाही. ती आपणहून बोलू लागतात. एक मुलगी बराच वेळ आपल्या कागदाकडे बघत होती, आता याला हात लावायचा नाही म्हणाली. मी विचारलं का, तर म्हणे, “झालं ते.” चित्र पुरं झालं हे तिचं तिने ठरवलं. आपल्या शाळांमध्ये मुलाचं चित्र पुरं झालं की नाही हे बहुतेक वेळा आपणच ठरवतो, घंटा ठरवते, नाहीतर प्रदर्शनाची तारीख.

रझा यांची गोष्ट तर शाळेतलीच आहे. मध्य प्रदेशातल्या एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत हा मुलगा अभ्यासात लक्ष देत नाही म्हणून गुरुजींनी व्हरांड्यातल्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याला त्याकडे बघत बसायला सांगितलं. पुढे रझा मुंबईत शिकले, १९५० मध्ये फ्रान्सला गेले आणि कितीतरी वर्षांनी तो ठिपका ‘बिंदू’ होऊन त्यांच्या चित्रांच्या मधोमध आला. शाळांमध्ये ‘रझा’ म्हणून कंपासने काढलेली समकेंद्री वर्तुळं रंगवून घेतात. त्याऐवजी मुलांना दोन मिनिटं एका ठिपक्याकडे बघू द्या, मग डोळे मिटू द्या आणि जे दिसलं ते रंगवू द्या. कँडिन्स्कीच्या चौकोनांमधल्या वर्तुळांचंही तसंच. १९१३ चं ते काम म्हणजे त्याने स्वतःसाठी केलेला रंगांचा अभ्यास होता, कुठला रंग कुठल्या रंगाशेजारी काय करतो हे बघण्यासाठी. मुलांनाही तेच बघायला द्यावं, ठरवून दिलेले रंग भरायला नको.

वारलीबद्दल बोलताना मला थोडं कडक बोलावं लागेल. प्रत्येक शाळेत वारली होते : मडक्यावर, पेनस्टँडवर, भेटकार्डाच्या कडेला. त्रिकोणी माणसं सगळ्यांना पाठ. पण ही चित्रकला जगणारी माणसं मुंबईच्या उत्तरेला असलेल्या डहाणू-तलासरी भागात राहतात, आरेतल्या पाड्यांवर राहतात, हे किती वर्गांत सांगितलं जातं? लग्नघरात सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. तो चौक ही पूजेची गोष्ट आहे. तो पेनस्टँडवर काढू नये असं माझं मत आहे आणि ते मी सोडणार नाही. मुलांना जिव्या सोमा मशे यांचं नाव सांगा. मूळची बायकांची ही चित्रं त्यांनी कागदावर आणली, जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या चित्रात माणसाला नाक-डोळे नसतात, पण कोण ओझं उचलतंय, कोण धावतंय, कोण दमलंय हे कमरेच्या नि खांद्याच्या कोनावरून कळतं. मुलांना हे शिकायला द्या. मधल्या सुट्टीत वर्गमित्र कसे वाकतात, कसे ढकलतात, डबा कसा उघडतात, दादर स्टेशनच्या पुलावर माणसं कशी तिरकी होऊन चढतात, ते दोन त्रिकोणांत काढून बघू द्या. बांबूच्या काडीचं टोक कुटून कुंचला करता येतो, तोही करू द्या. आणि खाली लिहा : वारली चित्रकारांकडून शिकून.

आता तुमच्या अडचणींबद्दल. त्या मला ठाऊक आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक (ठरावीक तासांपुरता शिक्षक) सांगितला आहे तो सहावी ते आठवीसाठी, तेही शंभराहून जास्त मुलं असतील तर. पहिली ते पाचवीत चित्रकलेचा तास बहुतेक ठिकाणी वर्गशिक्षकच घेतात, ज्यांना गणित, भाषा, परिसर अभ्यास, वर ऑनलाइन माहिती भरण्याची कामं. चाचणी जवळ आली की पहिला बळी चित्रकलेच्या तासाचा. वर्गात चाळीस मुलं, पाण्याचा नळ एका टोकाला, रंग सांडला की शिपाईमामांची बोलणी. मग झेरॉक्स सोयीची वाटते, हे मी समजू शकते. त्यात पालक चौथीपासूनच एलिमेंट्री आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांचा विचार करू लागतात. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र याला सातवी-आठवीत वेळ आहे. त्याआधी मुलाला नजर मिळाली असेल तर तेही सोपं जातं.

म्हणून मुख्याध्यापकांना माझं सांगणं आहे की प्रदर्शनासाठी विषय कमी ठेवा आणि वेळ जास्त द्या. वर्षाला दोन चित्रकार पुरेत. प्रत्येकासाठी सलग दोन तासांची जोडणी करा, कारण पस्तीस मिनिटांत रंग काढून, लावून, ब्रश धुऊन काहीच होत नाही. या चित्रांवर नंबर काढू नका, पहिलं-दुसरं-तिसरं बक्षीस ठेवू नका. बक्षीस आलं की ‘हुबेहूब’ परत येतं, आणि त्याच्या मागून आईबाबांचा हात. पालकसभेत स्पष्ट सांगा की चित्र शाळेतच होईल, घरी पाठवलं जाणार नाही. आणि शिक्षकांनो, मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल टेकवू नका. दाखवायचं असेल तर शेजारी वेगळा कागद घ्या.

भिंतीवर चित्र लावताना चित्रकाराचं नाव ठळक आणि मुलाचं बारीक, असं का करतो आपण? मुलाने चित्राला दिलेलं नाव वर लिहा. त्याला चित्राबद्दल काय म्हणायचंय ते त्याच्याच शब्दांत, त्याच्याच अक्षरात, शुद्धलेखन न सुधारता, खाली लावा. जिथून प्रेरणा घेतली त्या मूळ चित्राची छोटी प्रत आणि दोन ओळींची माहिती फलकाच्या एका कोपऱ्यात असू द्या. बघणाऱ्यालाही मग कळतं की एकाच चित्रातून तीस मुलं तीस ठिकाणी गेली.

सहलीला वॉटर पार्क असतोच, एक दिवस काळा घोड्याला न्या. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून तिथे आहे आणि आत जायला पैसे पडत नाहीत. तिथली प्रदर्शनं साधारण आठवड्याने बदलतात आणि बहुतेक वेळा ज्याची चित्रं असतात तो चित्रकार स्वतः तिथेच खुर्चीत बसलेला असतो. माझ्या मुलांनी एका चित्रकाराला घेरून विचारलं होतं : हे करायला किती दिवस लागले, चुकलं तर खोडता का, घरी ओरडतात का? त्यांनी प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर दिलं. नामवंत चित्रकार म्हणजे भिंतीवरची तसबीर, ही समजूत त्या अर्ध्या तासात गेली. समोरच्या बाजूला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. भायखळ्याला राणीच्या बागेत जाता तेव्हा दारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. गट नेण्याआधी फोन करून विचारा.

एवढं सगळं एकदम जमणार नाही, हेही मला माहीत आहे. यंदाचं प्रदर्शन तोंडावर असेल आणि झेरॉक्स काढायला टाकल्या असतील, तर त्या थांबवा आणि त्याऐवजी मातिस घ्या. १९४१ मधल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याला उभं राहून रंगवणं कठीण झालं, तेव्हा त्याने कागद रंगवून घेतले आणि पेन्सिलने न आखता थेट कात्रीने आकार कापायला सुरुवात केली. ‘मला चित्र येत नाही’ म्हणणारी मुलं या तासात सगळ्यांत पुढे असतात, असा माझा अनुभव आहे. घोटीव कागद, गोल टोकाच्या कात्र्या, डिंक. कात्र्या कमी असतील तर दोघांत एक द्या. आखून घेऊ नका म्हणून सांगा, कापलेले उरलेले तुकडेही टाकू देऊ नका, त्यांतूनच पुष्कळदा चांगले आकार निघतात. आणि चिकटवण्याआधी कागदावर मांडून, हलवून, पुन्हा मांडून बघायला त्यांना पुरेसा वेळ द्या.

आपली,
एक कलाशिक्षिका
परळ, मुंबई